जिथे जाता येत नाही, त्या देशाचा अभ्यास

ताई, राज्यशास्त्रात एम. ए. होऊन मला वर्ष झालं. गेली दोन वर्षं उत्तर कोरियाने मला झपाटलं आहे. लॅपटॉपवर एक फोल्डर आहे, त्यात तिथून निसटून आलेल्या लोकांच्या मुलाखतींचे तीनशेच्या वर व्हिडिओ साठवलेत. पीएचडी याच देशाच्या राजकारणावर आणि समाजावर करावी असं फार वाटतं. आमचे सर म्हणतात, "जिथे जाता येत नाही, जिथली भाषा येत नाही आणि जिथला एकही आकडा खरा नाही, त्या देशाचा अभ्यास कसला? ती नुसती तर्कटं." आई विचारते, त्या माथेफिरू माणसात तुला एवढं काय दिसतं? या दोघांना मी काहीतरी उत्तर देईनही. पण मला आतून टोचतंय ते वेगळंच. परवा जेवताना मी एक व्हिडिओ बघत होते. एक बाई तिचं मूल उपासमारीत कसं गेलं ते सांगत होती आणि माझा घास थांबला नाही. मला त्या लोकांबद्दल खरंच काही वाटतं, की नुसती चटक लागली आहे? पुढे जाऊ की सोडून देऊ?
– ऋजुता

प्रिय ऋजुता,

पुढे जा. पण आत्तापर्यंत ज्या वाटेने आलीस, ती वाट सोड.

घासाबद्दल तू लिहिलंस ते वाचून मी बराच वेळ थांबले. तीनशे व्हिडिओ एकापाठोपाठ एक पाहिले की कुणाचंही हेच होतं, कारण ते बनवलेलेच तसे असतात. आधी भीती, मग भूक, शेवटी रात्रीच्या अंधारात नदी ओलांडणं आणि मागे संगीत. त्या बाईचं गाव, तिचं काम, तिचा नवरा कुठे होता, हे काहीच आपल्या लक्षात राहत नाही. फक्त 'किती भयंकर' एवढं उरतं. चटक लागली असेल तर लागली आहे, ते मान्य कर. मलाही लागली होती, आणि तिच्या भरात केलेली एक चूक माझ्या नावावर छापली गेली आहे.

ऑगस्ट २०१३ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका मोठ्या दैनिकाने बातमी दिली, की ह्यॉन सोंग-वोल या उत्तर कोरियातल्या प्रसिद्ध गायिकेला तिच्या सहकाऱ्यांसमवेत गोळ्या घालून ठार करण्यात आलं. जगभर ती बातमी पसरली. मी एका साप्ताहिकासाठी तिच्यावर लांबलचक लेख लिहिला. तिचं गाणं, तिचा उत्कर्ष, तिचा अंत. लोकांनी रडवेली पत्रं पाठवली. मे २०१४ मध्ये ही बाई उत्तर कोरियाच्या सरकारी टीव्हीवर भाषण करताना दिसली. पुढे जानेवारी २०१८ मध्ये दक्षिणेतल्या प्यॉंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकआधी कार्यक्रमाच्या जागा पाहायला आलेल्या उत्तरेच्या पथकाची ती प्रमुख होती. गळ्याभोवती फर गुंडाळलेली, ताठ मानेने चालणारी. मी टीव्हीसमोर बसून तिला बघत होते आणि मला माझ्या लेखातला एकेक परिच्छेद आठवत होता. एका जिवंत बाईचं मरण मी मन लावून रंगवलं होतं. ती बातमी कुणी, कुणाकडून ऐकून दिली, हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

हे एकदाच झालेलं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लष्करप्रमुख री योंग-गिल यांना मारल्याची बातमी आली, आणि मे महिन्यात पक्षाच्या अधिवेशनानंतर निघालेल्या यादीत त्यांचं नाव होतं. एप्रिल २०२० मध्ये किम जोंग उन १५ तारखेच्या समारंभाला दिसले नाहीत, तेव्हा ते गेले असं ठामपणे सांगणारे कितीतरी निघाले; १ मे रोजी ते सुनचोनच्या खत कारखान्याची फीत कापत होते.

आणि याच्या उलट बाजूचं एक उदाहरण लक्षात ठेव, कारण ते जास्त अवघड आहे. किम यांचे आत्याचे यजमान जांग सोंग-थेक यांना डिसेंबर २०१३ मध्ये खरोखरच मारण्यात आलं. ८ तारखेच्या पक्षाच्या बैठकीत त्यांना खुर्चीवरून उठवून नेतानाचं चित्र सरकारी टीव्हीने दाखवलं, १२ तारखेला लष्करी न्यायासनाने शिक्षा दिली, ती त्याच दिवशी अमलात आली आणि सरकारी वृत्तसंस्थेनेच ती जाहीर केली. तरी जगाच्या डोक्यात राहिली ती १२० भुकेल्या कुत्र्यांची गोष्ट. तिचा उगम एका चिनी समाजमाध्यमावरच्या थट्टेच्या मजकुरात होता. तो हाँगकाँगच्या एका वृत्तपत्राने उचलला आणि तिथून तो जगभर गेला. चार दिवसांत एका माणसाचा निकाल लावणारं न्यायासन पुरेसं भयंकर नव्हतं का? कुत्र्यांची गोष्ट खोटी ठरली तेव्हा खरी गोष्टही अनेकांनी हसण्यावारी नेली. अफवेने होणारं खरं नुकसान हे आहे, आणि ते तिथल्या माणसांचं होतं.

म्हणून माझी एक सवय तुला देते. कोणतीही माहिती हाती आली की तिच्याशेजारी लिही: ही माझ्यापर्यंत कुणाच्या हातून आली, त्याने ती स्वतः पाहिली की ऐकली, आणि ती देण्यात त्याला काय मिळालं किंवा काय गमवावं लागलं. २००९ च्या चलनबदलाचं बघ. ३० नोव्हेंबर २००९ रोजी सरकारने जुने १०० वोन म्हणजे नवा १ वोन असं जाहीर केलं आणि बदलून मिळणाऱ्या रकमेवर मर्यादा घातली. बाजारात राबून साठवलेली लोकांची पुंजी रातोरात कागद झाली. नंतर पक्षाच्या वित्त विभागाचे प्रमुख पाक नाम-गी यांना गोळ्या घातल्याचं वृत्त आलं. मी आज लिहिताना 'त्यानंतर ते सार्वजनिक जीवनात दिसले नाहीत' एवढंच लिहीन. हे वाक्य फिकं वाटेल, पण उद्या कुणी उलटतपासणी केली तर ते टिकेल.

आता सरांकडे येऊ. त्यांचे तीन आक्षेप आहेत आणि त्यातला भाषेचा पूर्णपणे खरा आहे. कोरियन येत नसताना या विषयावर पीएचडी करू नकोस. हे मी कडक शब्दांत सांगते, कारण कोरियन न येणाऱ्यांनी या देशाबद्दल इतकं लिहिलंय की त्यातून निम्मे विनोद जन्माला आलेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये 'उत्तर कोरियाला म्हणे एकशिंगी घोड्याची गुहा सापडली' म्हणून जग हसलं. मूळ बातमी 'किरीनगुल' या जागेबद्दल होती. प्राचीन कोगुर्यो राज्याचा संस्थापक तोंगम्योंग याच्या आख्यायिकेशी जोडलेलं ते एक स्थळ. आपली राजधानी प्याँगयाँग हेच प्राचीन राज्याचं केंद्र होतं, असा दावा पुराणवस्तूंच्या आडून चालला होता. म्हणजे बातमी इतिहासाच्या राजकारणाची होती. इंग्रजी भाषांतरात 'किरीन' या पुराणकथेतल्या प्राण्याचा एकशिंगी घोडा झाला आणि अभ्यासाचा विषय हातातून निसटला.

तुला एक दिलासा आहे. मराठी बोलणाऱ्याला कोरियनची वाक्यरचना परकी वाटत नाही. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामाला मागून जोडलेले, आणि 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांतला फरक आपल्या हाडीमाशी खिळलेला असतो. कोरियनमध्ये हा आदर क्रियापदातच भरलेला असतो. लिपी आठवड्याभरात येते. नीट वाचता यायला मात्र दोन-तीन वर्षं लागतात, आणि शिकवलं जातं ते दक्षिणेचं कोरियन. उत्तरेत आडनाव 'री', दक्षिणेत तेच 'ई' किंवा 'ली'. उत्तरेत श्रम म्हणजे 'रोदोंग', दक्षिणेत 'नोदोंग'. ही सवय वेगळी करून घ्यावी लागते.

त्यासाठी रोज 'रोदोंग सिनमुन' वाच. पक्षाचं मुखपत्र, एरवी सहा पानांचं. पहिल्या महिन्यात तुला सगळे अंक सारखेच वाटतील. नेत्यांची नावं ठळक अक्षरांत, त्यांच्यासाठी आदराचा खास प्रत्यय, तेच तेच गौरवाचे शब्द. कंटाळा येईल. तो सोस. कारण या मजकुरात जे बदलतं ते फार थोडं असतं, आणि रोज वाचणाऱ्यालाच ते दिसतं. कोणाचं नाव कोणानंतर आलं. कोणता शब्द महिनाभर आला नाही. २०२३ च्या शेवटी किम जोंग उन यांनी दक्षिणेशी आता नातं दोन शत्रुराष्ट्रांचं, असं जाहीर केलं. जानेवारी २०२४ मध्ये प्याँगयाँगमधली पुनरेकीकरणाची कमान पाडली गेली. सत्तर वर्षं जो शब्द प्रत्येक भाषणात होता, तो 'पुनरेकीकरण' शब्द वगळला जाऊ लागला. घराघरात ज्या आजीने तो शब्द पाठ केला, तिला हे कसं समजावलं गेलं असेल? मला विचारशील तर अख्खा प्रबंध या एका प्रश्नावर उभा राहील.

आणखी एक बारकावा. अमेरिकेला धमकी देणारं निवेदन सरकारी वृत्तसंस्थेने परदेशी वाचकांसाठी दिलं, पण 'रोदोंग सिनमुन'मध्ये छापलंच नाही, असं पुष्कळदा होतं. आपल्या लोकांना न सांगितलेली धमकी मागे घेणं सोपं असतं. छापली असेल तर प्रकरण गंभीर. हे कळायला प्याँगयाँगला जावं लागत नाही, दोन्ही मजकूर समोरासमोर ठेवावे लागतात.

कायदेही असेच वाच. बंद राज्य काय मना करतं, यावरून तिथे काय चाललंय ते कळतं. डिसेंबर २०२० मध्ये तिथे परदेशी, विशेषतः दक्षिणेकडच्या मालिका, गाणी बाळगण्या-पसरवण्याविरुद्ध अत्यंत कठोर कायदा झाला. जानेवारी २०२३ मध्ये भाषेच्या रक्षणाचा कायदा आला. त्याची संहिता बाहेर आली आहे. त्यातलं एक कलम मी पुन्हा पुन्हा वाचते. 'ओप्पा' म्हणजे मुलीने थोरल्या भावाला मारायची हाक. दक्षिणेत ती प्रियकरालाही मारतात. उत्तरेचा कायदा म्हणतो, की बालसंघात असेपर्यंत मुलींनी नात्यात नसलेल्या मुलाला 'ओप्पा' म्हटलं तर चालेल, पण युवक संघटनेत गेल्यावर, म्हणजे साधारण चौदाव्या वर्षापासून, फक्त 'साथी' म्हणायचं. विचार कर. एका अण्वस्त्रधारी राज्याच्या कायदेमंडळाने एका पोरीने एका पोराला काय हाक मारावी, यावर कलम लिहिलं. गावागावांत किती पोरी तशी हाक मारत असतील!

आकड्यांबद्दल सर म्हणतात ते अर्धंच खरं आहे. खोटा आकडाही कुठेतरी जुळवावा लागतो, आणि जुळवताना फट राहते. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या मदतीने तिथे जनगणना झाली. देशाची एकूण लोकसंख्या २ कोटी ४० लाखांच्या वर निघाली. पण प्रांतांच्या बेरजा केल्या तर साधारण ७ लाख माणसं कमी भरतात. ती लष्करी तळांवर राहणारी. बाहेरचे अंदाज सैन्याचा आकडा १२ लाखांच्या आसपास सांगत आलेत. मग उरलेले कुठे मोजले गेले, की अंदाजच फुगवलेला? लोकसंख्याशास्त्रज्ञ त्यावर अजून भांडतात. दुसरं उदाहरण मुलांच्या उंचीचं. २०१७ मध्ये युनिसेफच्या मदतीने त्यांच्याच सांख्यिकी खात्याने केलेल्या पाहणीत वयाच्या मानाने खुरटलेली मुलं देशभरात १९ टक्के निघाली. १९९८ मध्ये हेच प्रमाण ६२ टक्क्यांच्या घरात होतं. आणि आतला फरक बघ: राजधानीत १० टक्के, चीनच्या सीमेवरच्या र्यांगगांग प्रांतात ३२ टक्के. समतेचा जयघोष करणाऱ्या राज्याच्या स्वतःच्या तक्त्यात ही विषमता छापलेली आहे. व्यापाराचे आकडे ते देत नाहीत, पण चीनचं सीमाशुल्क खातं देतं, आणि उत्तरेचा जवळजवळ सगळा अधिकृत व्यापार चीनशीच आहे. उपग्रहचित्रांवरून अभ्यासकांनी ४०० च्या वर बाजार मोजलेत, त्यांची छपरं कधी वाढली तेही पाहिलंय.

बाजारावरून आईच्या प्रश्नाकडे जाते. आईला सांग की तुला त्या माणसात काही दिसत नाही. आणि खरंच तसं होऊ दे. राज्यकर्त्याचा चेहरा हा या विषयातला सगळ्यात मोठा सापळा आहे. त्याचे केस, त्याचं वजन, त्याच्या मुलीचा कोट. त्याच्या मनात काय आहे हे कुणालाच कळत नाही, म्हणून त्यावर सगळेच बोलतात. अभ्यासाला घे तो माणसांचा दिवस.

ही राजवट माणसांच्या आठवड्यात कशी शिरते ते बघ. 'सेंगह्वाल चोंगह्वा' म्हणून एक बैठक असते, जीवनाचा ताळेबंद म्हणू आपण. शाळकरी वयापासून प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या संघटनेत असतो आणि बहुतेकांना आठवड्यातून एकदा या बैठकीत उभं राहावं लागतं. आधी नेत्याचं वचन म्हणायचं, मग त्या वचनाच्या मापाने आपली या आठवड्यातली चूक सांगायची, मग उपस्थितांपैकी एकाची चूक दाखवायची. याला नेत्यावरच्या निष्ठेच्या १९७४ च्या दहा तत्त्वांचा आधार आहे. निसटून आलेल्या कितीतरी जणांनी स्वतंत्रपणे सांगितलेली एक गोष्ट मला फार जवळची वाटते: मैत्रिणी आधीच ठरवून घेतात. या आठवड्यात तू मला बोल, पुढच्या वेळी मी तुला बोलेन. चूक अशी निवडायची की बैठक समाधानी व्हावी आणि कुणाचं नुकसान होऊ नये. 'मी साफसफाईला दहा मिनिटं उशिरा आले.' हे ठरवायला विश्वास लागतो. ज्या व्यवस्थेने माणसांना एकमेकांवर पाळत ठेवायला बसवलं, तिच्याच पोटात माणसांनी एकमेकांना सांभाळायची ही युक्ती काढली. यात सत्ता आहे, भीती आहे, मैत्री आहे, नाटक आहे. असा विषय राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनीने हातचा घालवू नये.

किंवा बाजारातल्या बायका घे. नव्वदच्या दशकात सरकारी शिधावाटप कोसळलं. त्या दुष्काळात ६ ते १० लाख माणसं गेली असावीत असं बहुतेक अभ्यासक धरतात. काहींचे अंदाज याहून बरेच जास्त आहेत. पुरुषांना पगार मिळो न मिळो, कारखान्यात हजेरी लावावीच लागे. लग्न झालेल्या बायकांवर ती सक्ती नव्हती. मग टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, बनवून विकणं, चीनमधून आलेले कपडे विकणं, सगळं बायकांनी उचललं. घर त्यांच्या कमाईवर चालू लागलं आणि नवऱ्यांना नाव पडलं 'दिवसाचा दिवा': पेटलेला असतो, उजेड पडत नाही. काही पुरुषांनीही वाट काढली. कारखान्याला दरमहा पैसे भरायचे, हजेरी लागलेली दाखवायची आणि बाहेर धंदा करायचा. त्यांना 'आठ-तीनचे कामगार' म्हणतात. ३ ऑगस्ट १९८४ रोजी किम जोंग उन यांचे वडील किम जोंग इल यांनी कारखान्यांतल्या उरल्यासुरल्या मालातून घरगुती वस्तू बनवण्याची मोहीम काढली होती, तिच्या तारखेवरून. सरकारी मोहिमेचं नाव लोकांनी सरकारी कामाला दांडी मारण्यासाठी वापरावं! तशीच 'इनमिनबान'. वीस ते चाळीस घरांचा एक गट, त्याची प्रमुख बहुधा एक मध्यमवयीन बाई. रात्री कोण पाहुणा आला याची नोंद तिने ठेवायची. पण ती त्याच जिन्यात राहते. तिलाही शेजार हवा असतो. ती कुणाची नोंद करते आणि कुणाकडे काणाडोळा करते, हा तुझा प्रबंधाचा प्रश्न होऊ शकतो. तो लहान आहे म्हणून घाबरू नकोस.

आता तुझ्या फोल्डरकडे येते. माणसांच्या हकीकतींशिवाय हा अभ्यास होत नाही, म्हणून इथे घाई करत नाही.

दक्षिण कोरियात आजवर साधारण ३४ हजार लोक उत्तरेतून आलेत. त्यांत सत्तर टक्क्यांहून जास्त बायका आहेत, आणि बहुसंख्य उत्तर हाम्ग्योंग आणि र्यांगगांग या सीमेलगतच्या दोन प्रांतांतल्या. म्हणजे तू ऐकतेस तो देश प्रामुख्याने ईशान्येकडच्या बायकांनी पाहिलेला देश आहे. त्यांच्या तोंडून राजधानीतल्या उच्च अधिकाऱ्याच्या घराचं वर्णन आलं, तर ते ऐकीव आहे. शिवाय काळाचा हिशेब ठेव. २०१९ मध्ये १,०४७ जण आले. महामारीत सीमा बंद झाल्यावर २०२१ मध्ये फक्त ६३. नंतर आलेल्यांतलेही बरेच जण चीनमध्ये कित्येक वर्षं काढून आलेले. त्यामुळे काल रेकॉर्ड झालेल्या व्हिडिओत दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा देश असू शकतो.

आणि त्या बाईने ती हकीकत तुझ्याआधी किती वेळा सांगितली असेल याचा विचार कर. दक्षिणेत आल्या आल्या गुप्तचर खात्याच्या चौकशीत. मग हानावोन या पुनर्वसन केंद्रात. मग चर्चमध्ये, टीव्हीवर, परदेशी पत्रकारांसमोर. कुठल्या वाक्याला लोक रडतात हे तिला कळलेलं असतं. काही ठिकाणी बोलण्याचे पैसे मिळतात, आणि नव्या देशात भाडं भरायचं असतं. यात तिला दोष देऊ नकोस. जानेवारी २०१५ मध्ये छळछावणीतून सुटलेल्या एका जगप्रसिद्ध साक्षीदाराने आपल्या हकीकतीतली काही ठिकाणं आणि वर्षं बदलून सांगितल्याचं मान्य केलं. प्याँगयाँगने लगेच सगळ्याच साक्षी खोट्या म्हणून डांगोरा पिटला. पण संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाचा फेब्रुवारी २०१४ चा अहवाल एका माणसावर उभा नव्हता. न्यायमूर्ती मायकेल कर्बी यांच्या त्या आयोगाने ८० च्या वर साक्षीदार जाहीरपणे तपासले आणि सुमारे २४० जणांशी गुप्तपणे बोलणं केलं. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी तेच सांगितलं, हे त्याचं बळ. तुझ्या प्रबंधाचंही तेच असलं पाहिजे.

उद्या प्रत्यक्ष मुलाखत घेशील तेव्हा दुःखाबद्दल पहिला प्रश्न विचारू नकोस. चूल कशाने पेटवायचात, शाळेत मुलाला काय काय घेऊन जावं लागे, बाजारात बसायची जागा कशी मिळवलीत, असं विचार. चुलीबद्दल बोलताना माणूस पाठ केलेलं सोडून आठवायला लागतो. मी एकीला सरपणाबद्दल विचारलं होतं. ती दोन तास बोलली, आणि तिच्या मुलाचा उल्लेख तिने स्वतःहून केला, एकाच वाक्यात. मी वही मिटली. तिथे विचारण्यासारखं काही नव्हतं.

तिचे नातेवाईक अजून तिकडे असतात हे क्षणभरही विसरायचं नाही. नाव बदललं म्हणजे माणूस झाकला जातो असं नाही. गाव, निघाल्याचं वर्ष आणि धंदा, या तीन गोष्टी एकत्र छापल्या तर तिथल्या सुरक्षा खात्याला घर सापडतं.

प्रत्यक्ष जाण्याबद्दल थोडक्यात सांगते. भारतीय पासपोर्टवर बंदी नाही, पण २०२० पासून दारं बहुतेकांना बंद आहेत आणि उघडली तरी सहलीत दाखवतील तेच दिसेल. किम इल सुंग विद्यापीठात कोरियन साहित्य शिकणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याला जून २०१९ मध्ये अटक होऊन आठवड्याभराने सोडलं गेलं, हेही लक्षात असू दे. तुझं कामाचं ठिकाण सेऊल असेल. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात उत्तर कोरियाविषयक साहित्याचं केंद्र आहे. दक्षिणेचा १९४८ चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा मात्र नीट वाचून जा. उत्तरेचं साहित्य बाळगणं, पसरवणं यावर तिथे निर्बंध आहेत.

इतिहासाकडे वळावंसं वाटलं तर कागद भरपूर आहेत. १९५०-५३ च्या कोरियन युद्धात अमेरिकन सैन्याने उचलून नेलेली उत्तरेच्या गावपातळीवरच्या पक्षबैठकांची टिपणं, पूर्व जर्मनी आणि हंगेरीच्या वकिलातींचे अहवाल. आणि १९५३-५४ मध्ये मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा सांभाळ भारतीय सैनिकांनी केला होता. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि कैद्यांची जबाबदारी असलेल्या दलाचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. आपल्याकडच्या कुणी त्या कैद्यांच्या बाजूने हा इतिहास लिहावा असं मला फार वर्षं वाटतंय. एक इशाराही देते: या क्षेत्रातल्या एका नामांकित प्राध्यापकाला २०१७ मध्ये मोठा पुरस्कार परत करावा लागला, कारण त्यांच्या पुस्तकातले अभिलेखागारांचे दाखले तपासल्यावर जुळले नाहीत. ते दाखले कुणी तपासणार नाही असं त्यांना वाटलं असावं. पण त्या अभिलेखांच्या भाषा वाचता येणाऱ्या दुसऱ्या एका अभ्यासकाने ते तपासले.

नोकरीचं मी गोड बोलणार नाही. जागा कमी आहेत. पण कोरियन उत्तम आलं तर भाषांतर, संशोधनसंस्था, परराष्ट्र व्यवहारावरची पत्रकारिता यांत पोट भरतं.

तर आता काम. नवीन एकही व्हिडिओ पाहू नकोस. तीनशेंतले तीस निवड आणि जेवणाची वेळ सोडून, वही घेऊन बस. प्रत्येकीसमोर लिही: कोणता प्रांत, कोणत्या वर्षी निघाली, चीनमध्ये किती काळ, घरात कमावतं कोण होतं, प्रश्न कोण विचारत होतं, कोणती गोष्ट तिने पाहिली आणि कोणती ऐकली. ज्या बाईने तुझा घास थांबवला नाही, तिच्यापासून सुरुवात कर. ती कुठे राहत होती आणि काय विकत होती, ते शोध.

तक्ता झाला की मला पाठव. गावांची नावं काढून.

तुझी,
ताई